दोन नवे, एक जुना

आंबोणवाडीचा बंद पडलेला झरा पुन्हा वाहता करायचा, या एकाच कामासाठी त्या सकाळी चार माणसं घुमट्या डोंगराच्या पोटात शिरायला निघाली होती. शिमगा तोंडावर आला होता. पाडव्यापर्यंत पाणी आलं तर ठीक, नाहीतर सगळी वाडी खाली पनवेलच्या रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये हलवायची, असं बैठकीत ठरलं होतं. बैठकीत जनीने तोंड उघडलं नव्हतं. घरी आल्यावर मात्र ती अंगणातल्या आंब्याच्या कलमांपाशी बसली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. एकेक कलम तिने स्वतःच्या हाताने बांधलेलं होतं. पत्र्याच्या शेडला अंगण नव्हतं. तिथे कलमं लावायची कुठे, आणि कलमं सोडून जगायचं कसं?

झरा आटलेला नाही, तुंबलाय, असं तिचे सासरे दाजी छातीठोकपणे सांगत. डोंगराच्या पोटात एक भुयार होतं. आतल्या टाक्यातलं पाणी एका दगडी तोंडातून वाट काढत खाली वाडीच्या कुंडात उतरायचं. पूर्वी दर शिमग्याआधी वाडीतली धट्टीकट्टी माणसं मशाली घेऊन आत जायची आणि तोंडाशी साचलेला गाळ काढायची. ‘भुयार उपसणं’ म्हणत त्याला. मग नळयोजना आली, आणि वाडीने भुयाराकडे पाठ फिरवली. नळ काही वर्षांत कोरडा पडला. तोवर आतली वाट माहीत असलेले सगळे म्हातारे एकेक करून गेले होते. उरले होते एकटे दाजी, आणि त्यांच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता.

म्हणून जनीनेच जायचं ठरवलं. नवरा न्हावा शेव्याला ट्रेलरवर, त्याला रजा मिळेना. बाकीच्यांनी कानावर हात ठेवले. तिने मग सुकापूरच्या प्रभाकरकाकांना फोन केला. काका आणि कुमुदकाकू दर थंडीत डोंगर चढायला यायचे आणि उतरताना जनीच्या अंगणात पिठलं-भाकरी खायचे. काका निवृत्त झाल्यापासून घरात त्यांचा पाय ठरत नसे. फोनवर जनीचं बोलणं पुरतं व्हायच्या आतच ते ओरडले, “मोहीम! जने, आम्ही आलोच!”

आणि ते खरंच आले. गळ्यात शिटी, डोक्यावर हॅट, पाठीवर दोर. बरोबर काकू आणि काकूंचा भाचा देवेश. देवेश बेलापूरला कुठल्याशा कंपनीत होता आणि वाडीत पाऊल टाकल्यापासून मोबाईलवर शूटिंग करत होता.

अंगणात काकांनी पोतडीतून तीन टॉर्च काढल्या. दोन नव्या, प्लॅस्टिकच्या. तिसरी त्यांच्या वडिलांच्या काळातली, पत्र्याची, आत छोटा काचेचा बल्ब असलेली. तिन्हींना तीन-तीन मोठे सेल लागायचे. मग त्यांनी श्रीखंडाचा एक रिकामा डबा उघडला. डबा सेलनी भरलेला होता.

“हे सगळे नवे हायत?” जनीने विचारलं.

“बहुतेक सगळे!” काका म्हणाले, आणि भराभरा सेल भरू लागले. बटण दाबलं. तिन्ही टॉर्च लख्ख पेटल्या. काकूंनी डब्याकडे संशयाने पाहिलं, पण काकांनी झाकण लावून टाकलं.

दाजी काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी सुनेला जवळ बोलावलं. “जने, नीट आईक. आत गेलीस की उजव्या हाताची भित सोडू नको. डाव्या अंगाला डोह हाय. त्याचा तळ आमच्या बापानं पन नाय बगितला. भितीला हात लावून गेलीस की गायीच्या तोंडासारका दगड लागंल. तितंच गाळ.”

“नाय सोडनार,” जनी म्हणाली. पदराच्या टोकाला तिने मूठभर आमसुलं बांधली. चढताना घसा कोरडा पडला की तोंडात टाकायला ती नेहमीच लागत.

चढ उभा होता. करवंदीच्या जाळ्या कपडे ओढत होत्या, वाळलेल्या गवतावरून पाय सटकत होते, आणि डोंगराच्या खांद्यावर पोचेपर्यंत काकांची हॅट दोनदा दरीत जाता जाता वाचली. भुयाराचं तोंड एका उंबराच्या मुळांआड लपलेलं होतं. मुळं बाजूला सारताच आतून गार, ओलसर वास आला. दाराशीच छातीभर पाणी होतं. काका, काकू आणि जनी यांनी आपले मोबाईल पिशवीत घालून बाहेर खडकावर ठेवले. देवेशने मात्र आपला मोबाईल प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवला. “हे शूट नाही केलं तर मग आलो कशाला?”

डोक्यावर टॉर्च, कुदळ आणि खाण्याची पिशवी धरून चौघं पाण्यातून पुढे सरकले. पाणी असं गार की दातांवर दात आपटू लागले! पलीकडे पोचल्यावर कोरडा खडक लागला आणि भुयार उंच होत गेलं. तिन्ही टॉर्चच्या उजेडात भिंती ओल्या चमकत होत्या. छताला वटवाघळं लोंबत होती. उजेड पडताच त्यातली काही फडफडत डोक्यावरून गेली आणि काकूंनी काकांचा दंड घट्ट पकडला. जनी सगळ्यांत पुढे होती. उजवा हात भिंतीला. डावीकडे ती बघतही नव्हती, पण तिथला काळोख तिला अंगावर जाणवत होता.

बरंच आत गेल्यावर काकांची पत्र्याची टॉर्च पिवळी पडली.

“अहो, तुमची मलूल झालीये,” काकू म्हणाल्या.

“जुनी आहे ती. जरा थोपटलं की होते नीट.” काकांनी टॉर्च तळहातावर आपटली. एकदा उजळली, पुन्हा पिवळी झाली. त्यांनी आणखी जोरात आपटली. ती विझली.

“असू दे, माझी आहे ना,” देवेश म्हणाला आणि त्याने आपली टॉर्च पुढे धरली. तिचाही उजेड थरथरत होता. त्याने ती हलवून पाहिली, मागचं झाकण पिळून पाहिलं. उजेड आला, गेला, आला. तिच्याकडेच बघत त्याने पाऊल टाकलं, आणि ते पाऊल डावीकडे पडलं.

खडक ओला होता. पाय सटकला! देवेश एकदम खाली गेला. जनी वळली, तिने हात टाकला, हाताला त्याच्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा लागला. तिने तो पकडला! पट्टा करकरला. “काका! धरा मला!” ती किंचाळली. काकांनी तिच्या कमरेला विळखा घातला, काकूंनी काकांच्या पाठीवरचा दोर धरला. सगळे मागे रेलले. ओढा! अजून ओढा! देवेशची कोपरं काठावर आली, मग गुडघे आले, आणि तो धापा टाकत भिंतीशी येऊन पडला. त्याची टॉर्च कुठेतरी खडकावर वाजत गेली. एक दगड डोहात पडला. पाण्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

जनीच्या हातातली टॉर्च तेवढी पेटलेली होती. तिच्या उजेडात काकूंनी देवेशची टॉर्च काठावरून उचलली. आणि मग, जणू वाटच पाहत असल्यासारखी, जनीची टॉर्चही मंद होत गेली, लाल ठिपक्याएवढी झाली आणि विझली.

असा काळोख जनीने कधी पाहिला नव्हता. वाडीतल्या अमावास्येलाही चांदण्या असतात. इथे डोळे उघडे आहेत की मिटलेत तेही कळेना.

“मोबाईल! देवेश, मोबाईल लाव!” काकू म्हणाल्या.

“मावशी… तो पाण्याशीच बंद झाला. सकाळपासून शूट करत होतो ना.”

“धन्य आहे!”

“भितीला पाठ लावून बसा सगळे,” जनी म्हणाली. “कोनी उठू नका.” परत फिरायचं तरी या डोहाच्या काठाने अंधारात चालायचं होतं. आणि परत फिरलो तर? तर पाडव्याला सामान बांधायचं. तिच्या डोळ्यांसमोर कलमांची रांग आली आणि तिला रडू फुटायला लागलं. तिने दातांनी ओठ दाबून धरला.

“तिन्ही एकदम कशा गेल्या पण?” देवेश म्हणाला. “एखादी जाऊ शकते. तिन्ही?”

“अहो,” काकूंचा आवाज आला. फार शांत. काका त्या आवाजाला ओळखून होते. “त्या डब्यात काय काय होतं?”

काकांनी घसा खाकरला. “सहा नवे होते. आणि तीन… म्हणजे अगदी नवे नाहीत. पण दमदार होते! गॅलरीत चार दिवस उन्हात ठेवले होते मी.”

“कुठल्या टॉर्चमध्ये घातले ते तीन?”

“एकीत कसे घालणार? तिच्यावर अन्याय नाही का झाला असता? प्रत्येकीला दोन नवे, एक जुना. सगळ्यांना सारखं!”

मग काकू हसायला लागल्या. रागाने की भीतीने ते त्यांनाही कळलं नसेल, पण त्या हसतच राहिल्या. “ऐक जने! या माणसाने उभ्या जन्मात जुना सेल टाकला नाही. रिमोट बंद पडला की घड्याळाचा सेल रिमोटला, घड्याळ बंद पडलं की रिमोटचा घड्याळाला. आमच्याकडे वेळही कळत नाही आणि बातम्याही लागत नाहीत. आणि आज तीन टॉर्च आणल्या, त्या तिन्ही नासवल्या!”

“चुकलं माझं,” काका हळूच म्हणाले. एवढ्या हळू आवाजात जनीने त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

पण देवेश एकदम ताठ बसला. “थांबा, थांबा! म्हणजे सहा नवे आहेत! एक मेलेला सेल बाकीच्या दोघांना अडवतो. नव्यांमध्ये जीव आहे अजून. ते तीन बाजूला काढले की झालं!”

“काढायचे कसे? सगळे एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे. त्यातून हा अंधार,” काका म्हणाले.

जनीने विचारलं, “काका, तुमच्या जुन्या बॅटरीत तो काचेचा दिवा हाय ना? तो एका सेलवर पेटत नाय का?”

“पेटतो की!” काका ओरडले. “लहानपणी आम्ही हाच खेळ करायचो! एक सेल, एक बल्ब, एक तार. बारीक लाल पेटतो. पण तार कुठून आणू?”

काकू खाण्याची पिशवी चाचपडत होत्या. चुरचुर आवाज झाला. “थालीपीठं चंदेरी कागदात बांधून आणलीत मी. चालेल?”

चालेल म्हणजे काय! काकूंनी कागद पट्टीसारखा फाडला आणि वातीसारखा वळला. थालीपीठं काकांच्या हॅटमध्ये गेली. काकांनी पत्र्याच्या टॉर्चचं तोंड उघडून बल्ब काढला. तो खाली पडला असता तर सगळंच संपलं असतं, म्हणून जनीने त्यांच्या हातांखाली पदर पसरून धरला. देवेशने झाकणं उघडून एकेक सेल हातात द्यायला सुरुवात केली.

पहिला सेल. कागदाचं एक टोक सेलच्या बुडाला, दुसरं बल्बच्या कडेला, बल्बचं टोक सेलच्या डोक्यावर. एक लाल कण उमलला! चुलीतल्या निखाऱ्याएवढा, पण त्या उजेडात चौघांना एकमेकांचे चेहरे दिसले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

“नवा! जनीच्या ओटीत!”

दुसरा पेटला. तिसऱ्याला काहीच नाही. तो काकूंनी आपल्या बाजूला ठेवला. असं करत करत सहा सेल जनीच्या ओटीत जमले. मेलेल्या तिघांपैकी एक हाताला चिकट लागला.

“हा फुटलाय. देवेश, तोंडाला हात लावू नकोस, धू आधी,” काकू म्हणाल्या. भिंतीवरून पाझरणाऱ्या पाण्यात त्याने बोटं धुतली.

एका प्लॅस्टिकच्या टॉर्चमध्ये तीन चांगले सेल गेले. बटण दाबलं. उजेड! डोळे दिपवणारा, पांढरा, लख्ख उजेड! काका टाळ्या पिटायला लागले आणि वटवाघळं पुन्हा उडाली.

दुसऱ्या टॉर्चमध्येही तीन सेल घातले. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. नाहीच! पहिलीच्या उजेडात देवेशने आत पाहिलं. फुटका सेल हिच्यातच होता. मागच्या झाकणाच्या स्प्रिंगवर पांढरी खरपुडी बसली होती.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “एक पेटली ना. निघू या लवकर.”

कुठे निघू या, ते त्याने सांगितलं नव्हतं. पण जनीला कळलं.

“थांब,” काका म्हणाले. “एकीवर पुढे जायचं नाही, हे खरं. दोन पेटल्या तर जायचं. एक चालायला, एक बंद करून परतीसाठी. कुमुद, घरी अशी खरपुडी आली की तू काय करतेस?”

“लिंबू चोळते. इथे कुठलं आलंय लिंबू?”

जनीने पदराची गाठ सोडली. आमसुलं! तिने एक भिजवलं आणि चिंधीत धरून स्प्रिंगवर चोळलं. पांढरी खरपुडी हलकेच फसफसली. काकूंनी दुसऱ्या चिंधीने ती पुसली, जनीने पुन्हा चोळलं, काकांनी पाण्याचा हात फिरवून गळ्यातल्या रुमालाने खडखडीत कोरडं केलं. खाली तांबूस, स्वच्छ तार दिसायला लागली. सेल घातले, झाकण पिळलं.

पेटली!

त्यांनी ती लगेच बंद केली आणि काकूंनी ती पोटाशी बांधली. मेलेले सेल प्लॅस्टिकच्या पिशवीत गेले. तिथेच भिंतीला टेकून चौघांनी थालीपीठं खाल्ली. काकांनी आपल्यातलं अर्धं मुकाट्याने देवेशला दिलं. खाऊन झाल्यावर दोर एकमेकांच्या कमरेला बांधला आणि एका उजेडामागे सगळे पुढे निघाले. उजवा हात भिंतीला.

दाजी खोटं बोलले नव्हते. वळणापलीकडे टाकं होतं, काठोकाठ भरलेलं, काचेसारखं स्थिर. आणि त्याच्या कडेला गायीच्या तोंडासारखा दगड. पण ते तोंड दिसतच नव्हतं. गाळ, मुळं, वटवाघळांची विष्ठा, वर्षानुवर्षांचा थर! आणि वरून घसरलेला एक धोंडा बुचासारखा अडकलेला.

जनीने कुदळ घेतली. देवेशने हातांनी गाळ उपसायला सुरुवात केली. काका मुळं तोडत होते आणि काकू उजेड धरून होत्या. हात सोलवटले, वासाने डोकं भणाणलं, पण कोणी थांबेना. शेवटी उरला धोंडा. तिथे दोन माणसं मावत नव्हती. जनी पोटावर आडवी झाली, खांद्यापर्यंत आत शिरली आणि तिने कुदळीचं टोक धोंड्याखाली सारलं.

“जने, पाणी सुटलं तर ओढून नेईल तुला!” काकू ओरडल्या.

“दोर धरा माझा!”

तिने जोर लावला. हललं नाही. पुन्हा लावला. दगड कुरकुरला. “ये की रे!” ती त्या दगडावरच खेकसली आणि अंगातली होती नव्हती ती ताकद लावली. धोंडा फिरला! पाणी धडधडत सुटलं. जनी लोंढ्यात गेली, दोर ताणला गेला, तिघांनी तिला मागे खेचलं. काकूंच्या हातातली टॉर्च उडाली, पाण्यात दोनदा गिरक्या घेऊन त्या दगडी तोंडात नाहीशी झाली.

पुन्हा काळोख. पण या वेळी कोणी किंचाळलं नाही. काकूंनी पोटाशी बांधलेली टॉर्च सोडली आणि बटण दाबलं.

ओलीचिंब जनी खडकावर बसली होती आणि हसत होती. टाक्याचं पाणी घोंघावत खाली चाललं होतं.

परतताना डावा हात भिंतीला. डोहापाशी काकांनी एकेकाला हात देऊन पुढे काढलं. छातीभर पाण्यातून बाहेर आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती, आणि खालून थाळी बडवल्याचा आवाज येत होता. एक नाही, घराघरांतून. उंबराखालून जनीला वाडी दिसली. सगळी माणसं कुंडाकडे धावत होती. ती चढ कसा उतरली ते तिला नंतरही आठवलं नाही.

कुंडात आधी चहासारखं पाणी पडत होतं, मग हळूहळू नितळ होत गेलं. त्यात काकूंच्या हातून उडालेली टॉर्चही वाहून आली होती, चेपलेली. देवेशने ती हातात घेतली आणि सवयीने बटण दाबलं. ती पेटली नाही. काकांनी ती त्याच्याकडून घेऊन जुन्या सेलच्या पिशवीत टाकली. “पनवेलला जमा करतात असले सेल. उद्याच नेऊन देतो,” ते म्हणाले. काकूंनी चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं. धड राहिलेली प्लॅस्टिकची टॉर्च काकांनी जनीला दिली. “पुढच्या शिमग्याला लागेल. सेल काढून ठेव. आणि घालशील तेव्हा तिन्ही नवे घाल.”

“तुमी येनार ना पन?”

“हे काय विचारणं झालं!”

वाडीतल्या बाया दाजींभोवती जमल्या होत्या. पहिलं पाणी देवळात न्यायचं, असं कोणीतरी म्हणत होतं. दाजींनी कळशी भरून घेतली, काठी टेकत टेकत वाट कापली, आणि देवळाच्या वळणावर न वळता ते सरळ आपल्या अंगणात आले. जनी मागोमाग आली. म्हाताऱ्याने वाकून पहिल्या कलमाच्या बुडाशी पाणी घातलं, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. कळशी रिकामी झाली तेव्हा त्याने ती सुनेपुढे धरली.

“जा, अजून आन. ही हितंच वाढायची हायत.”

जनीने डोळे पुसले, कळशी घेतली आणि ती पुन्हा कुंडाकडे निघाली.